कांदा जवळ ठेव म्हणणारं गाणं

ऊस तुटायला लागला की कोल्हापूरकराला रस्ता ओलांडायला नव्यानं शिकावं लागतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी उसाची टोकं बाहेर आलेली, मागे लाल दिवा असलाच तर तो ड्रायव्हरची हौस म्हणून. आणि टपावर कर्णे. त्यांतून जी गाणी येतात त्यांच्यापुढं इंजिनाचा आवाज गोड वाटतो. परवा ऑफिसला जाताना फुलेवाडीच्या नाक्यावर असाच एक ट्रॅक्टर आला. मी स्कूटर कडेला घेतली, एक पाय खाली टेकला, आणि कर्ण्यातून माझं गाणं सुरू झालं.

माझं म्हणजे मी लिहिलेलं नाही. गायलेलं तर नाहीच, आणि त्याबद्दल शेजारी समाधानी आहेत. पण माणूस एखादं गाणं दोन-अडीचशे वेळा ऐकतो, त्यातला श्वासन् श्वास त्याला पाठ होतो, तेव्हा त्याचा थोडाफार हक्क लागतोच. कुणीतरी बिचाऱ्या गाण्याखाली ढोल घातला होता आणि त्याला दीडपट पळवलं होतं. तरी ओळखलं. ओळखलं आणि हेल्मेटच्या आतून म्हणायलाही लागलो. पुढं गर्दीत ट्रॅक्टर अडकला होता, त्यामुळे ड्रायव्हरला माझ्याकडे बघायला सवड होती.

"आवडलं जनू, पावणं?"

"व्हय की."

"असली लई हायत माज्याकडं. पेन ड्राइव्हच देतो, थांबा."

"असलं दुसरं न्हाय," मी म्हणालो.

तो हसला. पोट सुटलेला, मिशी पांढरी झालेला, सरकारी कार्यालयातला हेडक्लार्क प्रेमभंगाच्या गाण्याची बाजू घेऊन भर नाक्यावर वाद घालतो, हे त्याला नवीन असणार. मला आता तीन वर्षांच्या सरावाचं आहे.

गाणं साधंच आहे. एक मुलगी एका मुलाला सोडून चाललीय. का, ते सांगत नाही. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. ती फक्त त्याच्या खोलीतून आपल्या वस्तू उचलते आणि त्याच्या वस्तू जागेवर ठेवते. स्वेटर घडी करून खुर्चीवर. पुस्तकात खूण होती तिथंच ठेवलीय. किल्ली शेजारच्या काकूंकडं. आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, निघता निघता, ती त्याला सांगते की उन्हाळ्यात तुझा घोळणा फुटतो, तेव्हा कांदा जवळ ठेव, हुंगायला विसरू नकोस.

कांदा! आमच्या उमेदीच्या काळात प्रेमभंगाच्या गाण्यांत काय काय असायचं: विष, चिता, बेवफाई, चंद्रालासुद्धा चार शिव्या. गाणाऱ्याला सोडून गेलेल्या बाईचं वाटोळं झाल्याशिवाय व्हायोलिनवाले थांबत नसत. आम्ही ती गाणी छाती फुगवून ऐकत होतो, कुणी सोडून जायला मुळात कुणी आलेलंच नसताना. आणि ही व्हिडिओतली पोरगी, चष्मा लावलेली, साध्या खोलीत बसून, मागं दोरीवर कपडे वाळत घातलेले, मांडीवर गिटार घेऊन ज्याला सोडून चाललीय त्याच्या नाकातून रक्त आलं तर काय करायचं ते सांगते. 'कांदा' म्हणण्याआधी ती एक छोटा श्वास घेते. दुसऱ्या कुणी तो कापून टाकला असता. हिनं ठेवलाय. हे सांगावं की नको असं तिला क्षणभर वाटतं, आणि मग ती सांगून टाकते. सगळं प्रेम त्या एका श्वासात मावलंय असं माझं मत आहे. आमच्या ऑफिसातल्या कुलकर्ण्यांचं मत असं की मला उद्योग नाही.

तिसऱ्या कडव्यात शब्दच नाहीत. ते कडवं लोक ऐकत नाहीत, तिथं पोचायच्या आत गाणं बदलतात. गिटार थांबते आणि जिना उतरणाऱ्या चपलांचा आवाज येतो. त्याच तालावर ती नुसतं गुणगुणते. वरच्या पायरीवर त्या गुणगुणण्यात हुंदका आहे. मधल्या पायऱ्यांवर तो विरतो. खाली येईपर्यंत सूरच बदललेला असतो, मंडईत भाजी आणायला निघालेली बाई गुणगुणेल तसा. मग फाटकाची कडी वाजते आणि गाणं संपतं.

हे सगळं मला कळायला तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातला दीड महिना लागला. आणि तो हिवाळा माझा नव्हता, माझ्या मुलीचा होता.

मुक्ताचा साखरपुडा श्रावण संपल्यावर झाला होता. मुलगा पुण्यातच नोकरीला, ही पण पुण्यात. माणसं सांगलीकडची, सालस. लग्न वैशाखात धरलं होतं. दिवाळी झाली, आणि एका सकाळी मुलानं मुक्ताला फोन करून सांगितलं की मला हे जमेल असं वाटत नाही. कारण विचारलं तर म्हणाला, कारण असतं तर बरं झालं असतं. मुक्ता लॅपटॉप घेऊन कोल्हापूरला आली, आपल्या खोलीत बसून पुण्याचं काम करू लागली, आणि त्या खोलीतून सकाळ-संध्याकाळ हे एकच गाणं येऊ लागलं.

पहिल्यांदा मला त्या गाण्याचा राग आला. एवढ्याशा आवाजात गाणारी ही कोण बया माझ्या पोरीला रडवते, असं वाटायचं. एकदा दारापर्यंत गेलो, "बंद कर ते" म्हणायला. दार लोटलेलं होतं. मुक्ता रडत नव्हती. उशीला टेकून, डोळे मिटून, गणिताचा पेपर सोडवताना करायची तसा चेहरा करून ऐकत होती. मी "चहा घेणार का?" एवढंच विचारून परत आलो. मग शत्रूची माहिती असावी म्हणून ते गाणं माझ्या फोनवर शोधून काढलं. जेवणाच्या सुट्टीत, फायलींच्या कपाटामागं उभा राहून ऐकलं. कांद्यापाशी आलो आणि घशात काहीतरी अडकलं. डब्यातली भाकरी असेल म्हणून पाणी प्यायलो. दुसऱ्या दिवशी भाकरी खायच्या आधी ऐकलं, तरी अडकलं.

त्यानंतर मी कामातून गेलो. स्कूटरवर तेच, दाढी करताना तेच. फोनची रिंगसुद्धा तीच लावली. सुनंदा, माझी बायको, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मुलीचं लग्न मोडलंय आणि विरहगीतं बाप गातोय. लोक काय समजतील?" एके दिवशी व्हिडिओखाली मी चार ओळी लिहूनही टाकल्या. ताई, आपला आवाज ऐकून समाधान वाटले, परमेश्वर आपणास उदंड आयुष्य देवो, आपला एक श्रोता. त्याखाली पंधरा-वीस पोरांनी विचारलं, काका, तुमचं पण ब्रेकअप झालं का? मुक्तानं ते वाचलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर फोन धरला.

"बाबा, हे तुम्ही आहात?"

"नाव कुठं आहे त्यात?"

"फोटो आहे. गणपतीतला. फेटा बांधलेला."

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू म्हणावं इतका नाही. पण दिवाळीनंतर पहिल्यांदाच हलला, म्हणून नोंद केली.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. आमचं गाव राधानगरी रस्त्याला, शहरापासून अर्ध्या तासावर. थोरले बंधू, आमचे आण्णा, तिथं अजून गुऱ्हाळ चालवतात. थंडीत गावाच्या अलीकडे मैलभर आधीच उकळत्या रसाचा वास गाडीत शिरतो आणि मागोमाग चिपाडं जळाल्याचा धूर. काहिलीत, म्हणजे त्या अवाढव्य कढईत, रस चढत असतो, कडेला पिवळा फेस. गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारा जाणता माणूस, काहिलीकडं असा बघत उभा असतो की त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्या हिवाळ्यात आण्णांनी हुकूम सोडला होता, "पोरीला हिकडं धाडून दे. चार दिस रस पिऊ दे, धूर खाऊ दे. खोलीत बसून कुणाचं भलं झालंय?" मग मुक्ता लॅपटॉप घेऊन गुऱ्हाळावर जायला लागली. पोत्यांच्या थप्पीवर बसून ती पुण्याच्या साहेबांशी इंग्रजीत बोलायची आणि मागं ऊस पिळणारा घाणा करकरायचा.

मार्गशीर्षात ठरलं की साखरपुड्यातलं त्यांचं सामान परत द्यायचं. शालू, अंगठी, आणि ज्यातून पेढे आले होते तो मोठा स्टीलचा डबा. मुक्तानं सगळं स्वतः भरलं. शालूची घडी तिनं दोनदा मोडून पुन्हा घातली. म्हणाली, "बाबा, तुम्ही जा. आण्णा नकोत. भांडायचं नाही, कारणं विचारायची नाहीत. द्यायचं आणि यायचं." मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही कुठल्या जिन्यावर उभी आहे. पण मी सांगलीचा रस्ता कसा असेल याचा विचार करत होतो.

पाहुण्यांच्या घरी गेलो. मुलाचे वडील मान खाली घालून बसले होते, आई आतबाहेर करत होती. मुलगा पुण्यात. मी पिशवी ठेवली, चहा घेतला, उसाला पाणी कसं पुरलं ते बोललो. सगळं रीतसर चाललं होतं, आणि नेमका माझा फोन वाजला. त्या शांत खोलीत चष्मेवाल्या पोरीनं स्वेटर घडी करायला घेतला. फोन खिशात खोल गेलेला, आत रुमाल, चाव्या, पाकीट. मी उपसत होतो आणि ती गात होती. मुलाच्या आईनं पदर डोळ्याला लावला. फोन गॅस एजन्सीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज एकदम मोकळा.

"निरोप पोचला बघा तुमचा."

"कसला निरोप?"

"आता आमच्या तोंडून वदवून घेता व्हय? डब्यात गूळ घातलासा. चांगल्या किलो-किलोच्या दोन ढेपा. आमी रातच्याला डबा उघडला आन बघतच ऱ्हायलो. आन त्ये तुमच्या फोनवरचं गाणं, आमच्या हिनं वळखलं. म्हनली, पोरीचा जीव अजून गुतलाय, म्हनून बापानं ऐकवलं. बोललोय पोराशी. त्यो बी तयार हाय. वैशाखातला मुहूर्त तसाच ठिऊया. दुपारी फोन करतो, पोरीला इचारून ठेवा."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो.

"डब्यात गूळ तू घातलास?"

"मग?" सुनंदा म्हणाली. "डबा परत द्यायचा होता ना?"

आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. शेजारणीची वाटी जाते ती साखर घेऊन जाते, पातेलं जातं ते ताक घेऊन जातं. बाईच्या हाताला ती सवय असते, त्यात विचार नसतो. लग्न मोडल्याचं सामान भरलेल्या पिशवीतही सुनंदाच्या हातानं डबा उघडला, तो रिकामा दिसला, आणि घरात आण्णांकडचा नवा गूळ होताच. आता गूळ म्हणजे आमच्यात होकार. सुपारी फुटते तेव्हा आधी गूळ हातावर पडतो. उरलेलं काम माझ्या खिशातल्या फोननं केलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुनंदाला तर फारच. ती म्हणाली, "देवानंच माझ्या हातून घालून घेतला असेल." मोडलेलं आपोआप जुळतंय, कुणाला कमीपणा नाही, तारीख तीच, मुलगा तोच. आणि मुलगी महिना-दीड महिना तेच गाणं ऐकतेय, म्हणजे तिला काय हवंय ते उघडच होतं. मी ऑफिसला रजा टाकली आणि आम्ही दोघं गुऱ्हाळावर मुक्ताकडं गेलो.

वाटेत माझ्या मनात मात्र फाटकाची कडी वाजत राहिली. एकदा घरच्यांनी होकार दिला की मुक्ताला कुणी पुन्हा विचारणार नव्हतं, हे मला माहीत होतं. आमच्यात मोडलेलं लग्न जुळलं तर ते परत मोडायला माणूस मरावा लागतो.

आण्णांना सुनंदानं फोनवरच सगळं सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते मुक्तासमोर कंबरेवर हात ठेवून उभे होते.

"पोरी, गूळ गेलाय, निरोप आलाय. आता न्हाय म्हनू नगंस."

"कुठला गूळ?" मुक्तानं लॅपटॉप मिटला.

सुनंदानं सांगितलं. डबा, ढेपा, फोन, वैशाख. मी खाली बघत ती रिंगची गोष्ट सांगितली. मुक्ता आधी आईकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"मी घडी घालून दिला होता तो शालू," ती म्हणाली. "व्यवस्थित."

"अगं, पण तुझं तरी मन कुठं निघालंय त्याच्यातून?" सुनंदा जवळ बसली. "दिवसभर तेच ते गाणं. आई आहे मी, मला काय कळत नाही?"

मुक्तानं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. आण्णा म्हणाले, "गप बसली म्हंजी झालं. लाव रं फोन, सांग त्येस्नी."

आणि मी बोलायला लागलो. ऑफिसात साहेबांपुढं एक वाक्य धड न बोलणारा मी.

"आण्णा, ते गाणं तसं नाही."

"कुठलं गाणं?"

"ते ती ऐकते ते. तुम्ही पहिलं कडवं ऐकलंय. सुनंदानं फार तर दुसरं. तिसऱ्यात ती जिना उतरते. चपलांचा आवाज आहे. ती उतरते, चढत नाही. आणि खाली येईपर्यंत तिचं रडू थांबलेलं असतं, सूरच बदलतो हो! तिला त्याची काळजी आहे, कांद्यापर्यंत काळजी आहे, पण ती परत येत नाही."

"कोन येत न्हाय?"

"गाण्यातली."

घाणा तेवढा करकरत होता. गुळव्यानंसुद्धा काहिलीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. आण्णांनी सुनंदाला विचारलं, "ह्येला हापिसात काय झालंय का?"

मी आणखी बोलणार होतो. त्या श्वासाबद्दल बोलायचं राहिलं होतं. तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला आणि पुन्हा तेच गाणं. पाहुण्यांचा फोन. मी खिसा उपसून तो बाहेर काढला, आणि मुक्तानं हात पुढं केला.

"द्या इकडं."

"मी सांगतो ना त्यांना..."

"बाबा, द्या."

तिनं एक ओळ पुरी वाजू दिली, मग फोन उचलला. मी एवढंच ऐकलं:

"काका, नमस्कार, मुक्ता बोलतेय... हो, बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे?... काका, ऐकता का जरा. गूळ आईनं सवयीनं घातला. डबा रिकामा दिसला म्हणून. आणि ते गाणं बाबांच्या फोनवर असतंच. त्यांना आवडतं... नाही. माझा काही निरोप नव्हता... नाही काका, रागानं नाही. त्यानं मला खरं सांगितलं, ते बरंच केलं. आता तुम्ही सांगितलं म्हणून तो हो म्हणतोय. मला तसं नको... नाही. विचार करून सांगते असं पण नाही. नाही म्हणूनच सांगतेय... काकूंना म्हणावं, रडू नका... गूळ? परत कशाला? खा की. चांगला उतरलाय या वर्षी."

तिनं फोन मला दिला. तळहात पोत्यावर पुसला. आण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला वाटलं आता बाँब पडणार. पण आण्णा म्हणाले, "त्येचा गुडगा दुखतोय हे मला कुनी सांगितलंच न्हाय." आणि ते काहिलीकडं निघून गेले, कारण तिथं रस उतरवायची वेळ झाली होती आणि गुळव्या मघापासून खुणा करत होता.

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वैशाख गेल्याचं दुःख होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही होतं. मुलीचं बरोबर आहे हे कळलं म्हणून मनातला मांडव लगेच उतरत नाही. मी शेजारी बसलो. तिघं एका पोत्यावर, दाटीवाटीनं. मुक्तानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आई, यापुढं कुणाचं काही परत द्यायचं असलं ना, तर भरायच्या आधी मला विचार."

सुनंदानं पदरानं नाक पुसलं. तिला हे बोलणं लागलेलं दिसलं.

"विचारीन," ती म्हणाली. "पण डबा रिकामा जाणार नाही. पोहे घालीन."

मुक्ता हसायला लागली. आधी नुसती हलली, मग मोठ्यानं, मग तिला बसवेना, ती पोत्यावरून खाली सरकली. आण्णांनी तिकडून ओरडून विचारलं, "काय झालं गं?" तिला सांगता येईना. सुनंदा म्हणत होती, "यात हसण्यासारखं काय आहे? पोह्यांचा काय अर्थ होतो? काही होत नाही. मी विचार करूनच बोलतेय."